पॉझिटिव्ह राहिलं की पैसा येतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुम्ही दिवसभर पैशातच बसता. खरं सांगा, पॉझिटिव्ह विचार केला की पैसा येतो का हो?"

पतसंस्थेच्या कर्ज विभागात बसणाऱ्या बाईला हा प्रश्न का विचारावा, मला कळत नाही, पण विचारतात. हळदीकुंकवाला विचारतात, लग्नात हात धुताना विचारतात, सोनेतारणाच्या फॉर्मवर सही करता करता विचारतात. आमची संस्था कराड तालुक्यातली, पण मोबाईल सगळ्यांच्या हातात तोच. त्यामुळे महिन्याच्या पहिल्या तारखेला उंबऱ्यावर दालचिनीची पूड फुंकणाऱ्या सुना इथेही आहेत. पाकिटात तमालपत्र ठेवणारे ट्रॅक्टरमालक आहेत. 'मी पैशाचा चुंबक आहे' हे सकाळी तीनदा, दुपारी सहादा आणि रात्री नऊदा वहीत लिहिणारी स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत. हॉटेलच्या हॉलमध्ये सेमिनार होतात. तिथले सर सांगतात, तुमच्या आतच 'मनी ब्लॉक' बसलाय, तो काढला की पैसा आपोआप वाहू लागतो.

तर उत्तर: नाही येत. मनात धरलं म्हणून खात्यावर जमा झालेली एकही रक्कम मी पाहिलेली नाही. प्रत्येक जमेपुढे काहीतरी लिहिलेलं असतं. दूध बिल, ऊस बिल, पगार, भिशी, जावयाकडून. पण एवढ्यावर तुमचं समाधान होणार नाही आणि मलाही इथे थांबायचं नाही, कारण मनाचा आणि पैशाचा संबंध आहेच. फक्त सर दाखवतात त्या बाजूने तो फार थोडा आहे. मनामुळे पैसा बदललेला मी क्वचित पाहते. पैशामुळे मन बदललेलं रोज पाहते.

'हे सगळं आपल्या शास्त्रातच होतं' असं कोणी म्हणालं की मला एक गंमत आठवते. मनात धरलं ते आपल्याकडे ओढलं जातं, याला 'आकर्षणाचा नियम' म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी बसवणाऱ्यांपैकी एक म्हणजे विल्यम वॉकर अॅटकिन्सन, पेशाने अमेरिकेतला वकील. शिकागोला राहून १९०६ साली त्याने विचारांच्या लहरींवर पुस्तक काढलं. हाच गृहस्थ 'योगी रामचारक' या नावानेही पुस्तकं लिहायचा आणि तीही खूप खपायची. म्हणजे आपल्याकडचं नाव लावून त्यांनी तिकडे माल विकला आणि शंभर वर्षांनी तोच माल फी भरून आपण परत आणतोय.

मध्ये एक तरुण आपल्या बँकेचं चेकबुक घेऊन आला आणि स्वतःच्याच नावाने एक कोटीचा चेक कसा लिहायचा ते विचारू लागला. अक्षरी रकमेत चूक नको होती त्याला. त्याने व्हिडिओत हॉलिवूडच्या जिम कॅरीची गोष्ट ऐकली होती. कॅरीने कडकीच्या दिवसांत स्वतःला एक कोटी डॉलरचा चेक लिहिला, त्यावर पुढची तारीख टाकली आणि तेवढे पैसे त्याला खरंच मिळाले. गोष्ट खरी आहे, १९९७ साली ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्याने स्वतःच सांगितली. पण नुसतं चित्र डोळ्यांपुढे आणून मग सँडविच खायला निघून गेलं तर काही होत नाही, असंही तो तिथेच म्हणाला होता. व्हिडिओत एवढा भाग कापलेला असतो. मी त्या मुलाला म्हटलं, "दादा, चेकचं पान फुकट घालवू नका. कागदावर लिहा, तेवढंच काम होईल." त्याला ते आवडलं नाही.

चित्र डोळ्यांपुढे आणण्याबद्दल एक अभ्यास मला फार पटतो. गॅब्रिएल ओटिंगन या जर्मन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, चांगली नोकरी लागल्याची स्वप्नं किती रंगवता? दोन वर्षांनी पाहिलं तर ज्यांनी जास्त रंगवली होती त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले होते आणि पगारही कमी होता. २००२ साली हे छापून आलं. मिळाल्याची मजा मनात आधीच घेऊन झाली की अंग ढिलं पडतं, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच अभ्यासात ज्यांना आपल्याला नोकरी लागेल असा अंदाज होता, मागच्या अनुभवावरून भरवसा होता, त्यांचं मात्र बरं चाललं होतं. हा फरक आमच्या टेबलावर रोज दिसतो. "म्हशी घेतल्या की लाखात खेळणार" म्हणणारा एक असतो. "दोन म्हशी आहेत, डेअरीचा उतारा आणलाय, तिसरीला चारा पुरेल" म्हणणारा दुसरा. आशावादी दोघंही आहेत.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचंय ते. आमच्याकडे जूनमध्ये सोनं फार येतं. शाळेच्या फिया, बियाणं, खत, आणि ऊस तुटायला अजून कितीतरी अवकाश. एक अण्णा दरवर्षी येतात, बायकोच्या पाटल्या रुमालात बांधून. जूनमधले अण्णा फॉर्म तीनदा वाचतात तरी सही वारसदाराच्या रकान्यात करतात. व्याजदर सांगितला की मान हलवतात आणि दोन मिनिटांनी पुन्हा विचारतात. सराफ पाटल्या घासून बघत असतो तेव्हा त्यांचं लक्ष माझ्याकडे नसतंच. हेच अण्णा फेब्रुवारीत पाटल्या सोडवायला येतात तेव्हा व्याजाचा आकडा तोंडी मांडून दाखवतात, वर आमच्या नव्या मुलाला दिवस कसे मोजायचे ते शिकवतात. माणूस तोच, डोकं तेच. मधे ऊसबिल जमा झालेलं.

हे माझं एकटीचं निरीक्षण असतं तर सांगितलं नसतं. तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस उत्पादकांना अभ्यासकांनी तोडणीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा तीच कोडी घातली. तोडणीच्या आधी, पैशांची ओढाताण असताना, त्याच शेतकऱ्यांची उत्तरं जास्त चुकली, वेळही जास्त लागला. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात ते आलं. चिंता डोक्यातली जागा खाते, दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. मग जूनमधल्या अण्णांना कोणी 'तुमचा माइंडसेट गरिबीचा आहे' म्हणालं की मला संताप येतो. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. अण्णांच्या मनावर काम करायची एवढीच हौस असेल तर ते १४ दिवस पाळायला लावा. बघा मन कसं प्रसन्न होतं.

प्रसन्नवरून आठवलं. 'मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचें कारण' हा चरण प्रत्येक सेमिनारच्या स्लाइडवर असतो. तुकोबा स्वतः दुकानदार माणूस. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बसला, बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनीच सांगून ठेवलंय: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान'. द्रव्य आटलं आणि मान गेला, इतकं सरळ. माझं मन कमी प्रसन्न होतं म्हणून दुष्काळ पडला, असं ते कुठेही म्हणत नाहीत. ही ओळ स्लाइडवर मी अजून पाहिलेली नाही.

पण सरांचं एक म्हणणं मला पूर्ण मोडीत काढता येत नाही. पैसा हाताचा मळ, आपल्याला काय करायचाय एवढा पैसा, असं ऐकत वाढलेली माणसं पैसे मागायला लाजतात, असं ते सांगतात. ते खरं आहे, आणि बायकांच्या बाबतीत तर फारच.

आमच्याकडे एक काकी पुरणपोळ्यांची मोठी शेगडी घ्यायला कर्ज मागायला आल्या. नफा किती, विचारलं तर म्हणाल्या, "सुटतात थोडे." विड्रॉल स्लिपच्या मागच्या बाजूला मांडायला बसलो. चाळीस पोळ्यांची ऑर्डर, वीस रुपयाला एक, म्हणजे आठशे. हरभरा डाळ नव्वद, गूळ साठ, कणीक पन्नास, तूप दीडशे, गॅस आणि डबे मिळून शंभर. झाले साडेचारशे. उरले साडेतीनशे, आणि पुरण शिजवण्यापासून पोळ्या गार करून भरण्यापर्यंत अख्खी सकाळ. स्वतःची मजुरी त्यांनी कधी धरलीच नव्हती. "घरचंच तर काम आहे," म्हणे. मी म्हटलं, तीस सांगून बघा. तीसला बाराशे होतात, खर्च तोच, उरतात साडेसातशे. भाव दीडपट आणि हातात उरणारे दुपटीहून जास्त. काकी स्लिपकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण मला तोंडाने तीस म्हणवायचं नाही हो."

ही खरी मनाची अडचण. विश्वाला साकडं घालून ती सुटली नसती. त्यांच्या सुनेने भावाचा छापील कागद डब्यावर चिकटवायला सुरुवात केली, म्हणजे तोंडाने म्हणायची गरजच उरली नाही. दोन-तीन गिऱ्हाईकं तुटली, बाकीची राहिली. शेगडीचं कर्ज मुदतीच्या आत फिटलं.

मन शिकवल्याने पैसा वाढतो याचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला पुरावा असल्याच कामाचा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात १५०० छोट्या धंदेवाल्यांचे तीन गट केले होते. एका गटाला नेहमीचं हिशेब आणि मार्केटिंगचं शिक्षण दिलं. दुसऱ्याला मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेलं शिक्षण: दुसऱ्यापेक्षा वेगळं काय करता येईल ते हुडका, कोणी सांगायची वाट बघू नका, अडचण कुठे येईल ते आधीच ठरवून ठेवा, आपटलात तरी पुन्हा करा. तिसऱ्या गटाला काहीच नाही. या तिसऱ्या गटाच्या तुलनेत मानसशास्त्रवाल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. हिशेबवाल्यांचा वाढला ११ टक्के, आणि तोही योगायोग नाही असं छातीठोक सांगता येईना. २०१७ चा हा अभ्यास. हिशेबाच्या बाजूने बसणाऱ्या मला हे कबूल करणं थोडं जड जातं. मात्र त्यात डोळे मिटून बसा असं काही नव्हतं. उठून काय करायचं याचीच घोकंपट्टी होती.

आणखी एक जागा आहे जिथे मन कामाला येतं, ती फक्त वसुलीवाल्यांना दिसते. हप्ता थकणार हे कर्जदाराला आमच्या आधी माहीत असतं. त्यातले बरेच जण फोन उचलायचे बंद होतात, संस्थेसमोरचा रस्ता सोडून मागच्या गल्लीने जातात. मग जामीनदाराला नोटीस जाते, जामीनदार बहुतेक मेव्हणा असतो, घरात भांडणं होतात, आणि शेवटी सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली दाखल्यापर्यंत प्रकरण जातं. पण काही थोडे हप्त्याच्या आधीच येऊन खुर्चीत बसतात. "मॅडम, या महिन्याला जमायचं नाही. गाय आटली. पुढच्या महिन्यात निम्मे देतो." अशा माणसाला काहीतरी वाट काढून देता येते, मुदत वाढवता येते, दंडव्याज टाळता येतं. माझ्या लेखी पॉझिटिव्ह माणूस हा. कागदाला न भिणारा. उलट 'पैसे नाहीत असं तोंडातून काढायचं नाही, विश्व ऐकत असतं' हे शिकून आलेला नेमका हीच गोष्ट करू शकत नाही. विचारलं की म्हणतो, "येतायत मॅडम, फ्लोमध्ये आहेत."

आणि ज्यांना असलं काहीच जमत नाही त्यांच्यासाठी पिग्मी आहे, रोज थोडे थोडे भरायची ठेव. १९२८ साली कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, उडुपीकडे, सिंडिकेट बँकेने ती सुरू केली, दोन-दोन आणे दारात जाऊन गोळा करत. तिला तुमचं मन कसं आहे याच्याशी देणंघेणं नाही. संध्याकाळी एजंट दुकानाच्या पायरीवर उभा राहतो. शेजारचा भरतो म्हटल्यावर आपणही भरतो.

शेवटी तुमच्या प्रश्नामागचा प्रश्न, सेमिनारला जाऊ का? जा की. चहा बरा असतो, चार माणसं भेटतात. पण 'शंका घेणं म्हणजे निगेटिव्ह' हे वाक्य आलं की कान टवकारा, कारण त्याच्या मागोमाग बहुतेक वेळा योजना येते. सामील व्हायची म्हणून फी घेणं थेट विक्री कंपन्यांना २०२१ च्या नियमांनी बंद आहे. खाली माणसं जोडली की पैसे, ही साखळी तर १९७८ पासूनच कायद्याने बंद आहे. तरी लोक ठेव मोडायला येतात. मी कारण विचारलं की म्हणतात, "मॅडम, निगेटिव्ह बोलू नका."

ठेव त्यांची आहे, मी अडवू शकत नाही. मुदतपूर्व मोडायचा फॉर्म देते. तो भरायला वेळ लागतो, तेवढ्यात तीन गोष्टी विचारते. पावती कोणाच्या नावाने मिळणार, पैसे कशातून परत येणार, आणि घरी सांगितलंय का. पहिल्या दोन प्रश्नांना सरांनी दिलेली उत्तरं पाठ असतात. तिसऱ्याला फॉर्म अर्धा भरलेला तसाच घडी करून खिशात जातो आणि उद्या येतो म्हणतात. काही जण येतातही.