गणपतीपुढची छोटी लाईन

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी गेली चार वर्षे गणपतीच्या मखरापुढे छोटी लाईन धावते. छोटी लाईन म्हणजे ग्वाल्हेरहून श्योपुरकलाँला जाणारी, दोन फुटी रुळांवरची नॅरोगेज. इथल्या माणसांच्या तोंडी, मग ती मराठी असोत वा हिंदी, हेच तिचे नाव. सुमारे दोनशे किलोमीटरचा हा मार्ग माधवराव शिंदे महाराजांच्या कारकिर्दीत टप्प्याटप्प्याने पुढे सरकत १९०९ साली श्योपुरला पोहोचला. मार्च २०२० मध्ये गाडी थांबली, ती पुन्हा सुटली नाही. पुढे ब्रॉडगेजसाठी रूळही उखडले गेले. माझे माहेर सबलगढचे. वडील तिथे तहसील कचेरीत नोकरीला होते आणि लग्नानंतर वीस-बावीस वर्षे मी याच गाडीने माहेरी जात होते. गाडी बंद झाली तेव्हा आठवणी सांगत बसण्यापेक्षा तिची लहानशी प्रतिकृती हाताने करून ठेवावी असे वाटले, आणि शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलेल्या आयुष्यामुळे पुठ्ठा, सुरी आणि गोंद यांची भीती नव्हती.

पहिला प्रश्न मापाचा आला. मी १:७६ हे प्रमाण धरले, कारण त्या प्रमाणात ९ मिलिमीटर रुंदीचे रूळ तयार मिळतात आणि त्यांवर चालणारी लहान इंजिनांची यंत्रणाही मिळते. दोन फूट म्हणजे ६१० मिलिमीटर. त्याला ७६ ने भागले की ८ येतात, म्हणजे आपले रूळ खऱ्यापेक्षा एक मिलिमीटर रुंद. तेवढे डोळ्याला खटकत नाही. खटकले ते पुढे, ग्वाल्हेर स्थानकाचा देखावा करताना. तिथे छोटी लाईन आणि मोठी लाईन शेजारीशेजारी होत्या, आणि तो फरकच त्या जागेची ओळख होती. ब्रॉडगेजची रुंदी १,६७६ मिलिमीटर, म्हणजे छोट्या लाईनीच्या पावणेतीन पट. बाजारात मिळणारे मोठ्या गाडीचे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचे असतात. ते शेजारी ठेवले की हा फरक पावणेदोनपटीच्या जरा वर उरतो, मोठी लाईन रोडावते, छोटी उगाच भारदस्त दिसते, आणि ग्वाल्हेर स्थानक कुठल्यातरी परक्या गावासारखे वाटू लागते. शेवटी मी मोठ्या लाईनीचा दीड फुटाचा तुकडा २२ मिलिमीटर रुंदीने स्वतः बांधला. तांब्याचा मुलामा असलेल्या पट्ट्या कापून त्यांचे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, केले आणि त्यांवर रूळ डाख देऊन बसवले. त्यावरून गाडी चालत नाही, एक मालडबा फक्त उभा असतो. पण त्या तुकड्यामुळे छोटी लाईन पुन्हा छोटी झाली.

पहिल्या वर्षी पाट, म्हणजे रूळ आणि देखावा बसवलेली फळी, तयार झाला तेव्हा तो कोणाला दाखवावा की नाही, याविषयी माझे मन तयार नव्हते. काम अर्धे होते: एक स्थानक, एक वळण, तीन डबे आणि रंग न दिलेली भिंत. यजमान म्हणाले, "अगं, गणपतीला सगळं गाव येतं, तिथेच ठेव." त्या दहा दिवसांत जे घडले त्यामुळे या छंदाविषयीचे माझे मत कायमचे ठरले. अर्धे काम दाखवले तरच माणसे बोलतात. पूर्ण झालेल्या, काचेत बंद केलेल्या वस्तूचे लोक कौतुक करतात आणि प्रसाद घेऊन पुढे जातात. अपुऱ्या वस्तूपुढे मात्र थांबतात, वाकतात आणि काय राहिले ते सांगतात.

दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतले एक काका आले. पूर्वी ते याच लाईनीवर गार्ड होते. आरती झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला, पाटापुढे स्टूल ओढून घेतले आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "अगं, ही एवढी खडी कुठून आणलीस? आमच्या लाईनीवर एवढी खडी कधी होती?" मी ती खडी फार निगुतीने घातली होती. दगडाची चुरी दोनदा चाळून, रुळांच्या मध्ये चमच्याने पसरून, ब्रशाने सारखी करून, निम्मे फेविकॉल आणि निम्मे पाणी यांत भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून ते मिश्रण ड्रॉपरने सोडले होते. साबण नसेल तर पाण्याचा थेंब चुरीवर तसाच मोत्यासारखा उभा राहतो आणि आत झिरपत नाही. तंत्र बरोबर होते, दृश्य चुकीचे होते. काकांनी सांगितले की त्या ठिकाणी स्लीपर अर्धे मातीत असत, मध्ये गवत वाढलेले असे, आणि बकऱ्या ते गवत खात रुळांतूनच चालत.

विसर्जनानंतर मी ती खडी ओल्या फडक्याने भिजवून, जुन्या दातांच्या ब्रशाने सगळी काढली. या वेळी खरी माती आणली, तव्यावर भाजली म्हणजे त्यातले किडे मेले, आणि मलमलच्या फडक्यातून चाळली. इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण नवे लोक हमखास विसरतात: चाळलेल्या मातीवरून लोहचुंबक तीन-चारदा फिरवावे. मातीतले लोहाचे कण इंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाला चिकटतात आणि मोटार अडखळू लागते. माझ्या मूठभर मातीतून चिमूटभर काळी भुकटी निघाली.

आता आम्ही चौघे आहोत. एक निवृत्त बँक अधिकारी, एक होमिओपॅथ डॉक्टर, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आणि मी. प्रत्येकाचा स्वतःचा पाट. महिन्यातल्या एका रविवारी कोणाच्या तरी घरी ते जोडले जातात. जोडायचे म्हणजे आधी काही गोष्टी ठरवाव्या लागतात: पाट चार फूट लांब आणि दीड फूट रुंद, जमिनीपासून रुळांची उंची एक मीटर, कडेपासून रूळ सहा इंचांवर, आणि विजेच्या तारांचे रंग सगळीकडे तेच. एवढे पाळले की बाकी प्रत्येकाने आपापले गाव करावे. डॉक्टरांनी याच लाईनीवरचे जौरा घेतले आहे. बँकेतल्या काकांनी मोतीझील घेतले, कारण त्यांचे बालपण त्या फाटकाशी गेले. मुलीने ही गाडी चालताना जेमतेम दोनदा पाहिली आहे, पण सांधे बसवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. चाकांच्या जोडीतले आतले अंतर ती कॅलिपरने मोजते आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी चाके परत करते. तिच्या पाटावर गाडी रुळांवरून उतरलेली मी अजून पाहिलेली नाही.

ग्वाल्हेरच्या हवेनेही आम्हाला पुष्कळ शिकवले. रूळ जर्मन सिल्व्हरचे असतात आणि एक मीटर रूळ तीस अंशांच्या फरकाने सुमारे अर्धा मिलिमीटर वाढतो. थंडीत, जानेवारीच्या पहाटे, डॉक्टरांनी रूळ एकमेकांना भिडवून डाख दिला. मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत तो रूळ सापासारखा वळला होता. आता आम्ही प्रत्येक जोडात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवतो. पावसाळ्याने माझ्यावर वेगळी वेळ आणली. झाडांखालच्या पाचोळ्यासाठी चहाचा चोथा फार चांगला दिसतो, पण तो मी पुरता वाळवला नव्हता आणि श्रावणात माझ्या पाटावरच्या घोसीपुरा स्थानकाभोवतीच्या सबंध शिवारावर पांढरी बुरशी आली. दोन महिन्यांचे काम खरवडून टाकावे लागले. आता चोथा चार दिवस कडक उन्हात वाळतो आणि मगच पाटावर जातो.

एरवी आम्ही एकमेकांना फोनवर छायाचित्रे पाठवतो, आणि त्याचाही उपयोग आहे. फोन उलटा धरला की त्याचा डोळा पाटाला जवळजवळ टेकतो आणि पावणेदोन इंचांच्या भिंतीपुढे आपण खरेच उभे आहोत असे चित्र येते. अशा चित्रात भिंतीखालची फट, गोंदाची चमक, दाराला नसलेला उंबरठा हे सगळे दिसते. उभ्याने पाहताना डोळा ते माफ करतो. तरीही गाडी वळणावर कशी डुलते, सांध्यावर तिचा आवाज कसा बदलतो, हे चित्रात येत नाही. त्यासाठी पाट उचलून, चादरीत गुंडाळून, रिक्षातून नेण्याला पर्याय नाही.

आमच्या गावाला या गोष्टीचे नावीन्य नाही, हेही सांगायला हवे. जयविलास राजवाड्याच्या भोजनगृहात मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी आजही पाहायला मिळते. तिच्या डब्यांतून जेवणानंतरची पेये पाहुण्यांपर्यंत जात, आणि डब्यातली बुधली उचलली की गाडी थांबे. माझ्या विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर मी ती कितीदा पाहिली असेल. आणि पुण्याला भाऊ जोशी यांनी १९९८ साली लोकांसाठी उघडलेले लघुरेल्वेचे संग्रहालय पाहिले तेव्हा कळले की एका माणसाने आयुष्यभर मनापासून केलेले काम शहराचे होऊ शकते. तिथून परतताना गाडीत बसूनच मी दुसऱ्या पाटाचा आराखडा काढला.

दुसऱ्या वर्षीच्या गणपतीत मात्र एका सात-आठ वर्षांच्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाने मला सहा महिने कामाला लावले. तो आजोबांबरोबर आला होता आणि आजोबांनी त्याला छोट्या लाईनीच्या गोष्टी सांगितल्या असाव्यात. त्याने विचारले, "छतावरची माणसं कुठे आहेत?" खरेच, ती नव्हती. छोट्या लाईनीचा डबा छतावरच्या माणसांशिवाय ज्याने पाहिला असेल असा माणूस या गावात सापडणे कठीण, आणि मी दोन वर्षे रिकामी छते घेऊन गाडी फिरवत होते.

१:७६ मध्ये उभा माणूस २३ मिलिमीटरचा होतो आणि बसलेला जेमतेम १२-१३ मिलिमीटरचा. मी तारेवर एम-सील थापून पंधरा माणसे केली, कोणाला मुंडासे, कोणाच्या मांडीवर गाठोडे, आणि ती एका डब्यावर चिकटवली. पहिल्याच वळणावर डबा बाहेरच्या बाजूला आडवा झाला. वजन करून पाहिले तर डबा २५ ग्रॅमचा आणि माणसे ६ ग्रॅमची. तेवढे वजन ९ मिलिमीटरच्या रुळांवर एवढ्या उंच बसवले की चाक सुटणारच. माणसे कमी करणे मला मान्य नव्हते. मग कागदाच्या लगद्याची, आतून पोकळ माणसे केली; पंधरा मिळून दोन ग्रॅमही भरत नाहीत. डब्याच्या तळाला, दोन्ही बोगींच्या, म्हणजे चाकांच्या सांगाड्यांच्या, मध्ये, मासे पकडण्याच्या गळाला लावतात त्या शिशाचे १२ ग्रॅम दडवले. डबे मी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तीन थर चिकटवून करते, त्यामुळे वरचा भाग मुळातच हलका होता, ते कामी आले. गाडी आता मध्यम गतीने सगळी वळणे घेते. माहेरी जातानाही ती याहून जोरात कधी गेली नव्हती.

गेल्या गणपतीत चारही पाट पहिल्यांदा एकत्र आले. बैठकीच्या खोलीतून गाडी निघून देवघराच्या दारापर्यंत जात होती, चारही डब्यांवर माणसे होती. गार्डकाका आले, आता त्यांना काठी लागते. त्यांनी मातीतले स्लीपर पाहिले, बकऱ्या मोजल्या, मान डोलावली. मग गाडी त्यांच्यापुढून गेली तेव्हा काठी वर करून म्हणाले, "थांबव. इंजिनाच्या मागच्या डब्यावरचे पुढचे दोघे बघ. वाऱ्याकडे तोंड करून कोण बसतो? डोळ्यांत सगळी धूळ जाते. ते नेहमी पाठ करून बसत." आरतीला अजून अर्धा तास होता. मी ब्लेडने ती दोन माणसे सोडवली, त्यांची तोंडे मागच्या डब्याकडे केली आणि गोंद सुकेपर्यंत टाचण्यांनी धरून ठेवली.