जंबो फ्रेम, पीटीपी आणि सुटणारे लॉक

मागील नोंद ज्या अडचणीपाशी थांबली होती, ती अखेर सुटली आहे. रात्रीचा बॅकअप सुरू झाला की दुसऱ्या स्विचवरील उजव्या स्पीकरचे पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळे जुळवणारा प्रोटोकॉल) लॉक सुटत असे आणि एईएस६७ (नेटवर्कवरून ध्वनी पाठवण्याचे मानक) च्या ध्वनीत टकटक ऐकू येत असे. मांडणी तीच आहे : ग्रँडमास्टर (बाकीची घड्याळे ज्याच्याशी जुळतात ते मुख्य घड्याळ), डावा स्पीकर आणि बॅकअप पाठवणारी यंत्रे पहिल्या स्विचवर, नॅस (बॅकअप साठवणारे नेटवर्कवरील यंत्र) दुसऱ्यावर, आणि दोहोंमध्ये १ गिगाबिटची एकच जोडणी.

सोपा भाग आधी सांगतो. माझ्या फ्रेमना (तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांना) व्हीलॅन टॅग, म्हणजे नेटवर्कच्या विभागाची आणि प्राधान्याची खूण, नाही, त्यामुळे केवळ टॅगमधील ३ बिट वाचणारा स्विच सर्वांना प्राधान्य ० देत होता. पोर्टवर डीएससीपी ट्रस्ट सुरू केल्यावर, म्हणजे पॅकेटच्या आयपी भागातील प्राधान्याचा आकडा मानायला स्विचला सांगितल्यावर, ते थांबले. पीटीपी चालवणारा लिनक्सवरील प्रोग्राम पीटीपी४एल मूळ स्थितीत डीएससीपी ० ठेवतो, तेथे ४६ लिहिले. ध्वनीची पॅकेटे ३४ घेऊनच येतात. मात्र स्विचच्या चार रांगांच्या मूळ तक्त्यात प्राधान्य ४ (डीएससीपी ३४) आणि ५ (डीएससीपी ४६) एकाच रांगेत पडतात, म्हणजे घड्याळ ध्वनीच्या मागे उभे राहते. आता ४६ ला सर्वांत वरची रांग आणि ३४ ला तिच्या खालची दिली आहे. दोन्ही स्ट्रिक्ट (वरची रिकामी होईपर्यंत खालची थांबते), उरलेल्या दोन भारित फेरीने, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात आळीपाळीने, चालतात. घरात डांटेचे (नेटवर्कवरील ध्वनीच्या दुसऱ्या पद्धतीचे) उपकरण असणाऱ्यांनी हा तक्ता जसाच्या तसा उचलू नये, कारण तेथे घड्याळ ५६ वर असते आणि ४६ हा ध्वनीचा आकडा असतो.

एवढे करूनही ऑफसेटच्या (मुख्य घड्याळापासूनच्या फरकाच्या) उड्या थांबल्या नाहीत. रांगनिहाय काउंटरमध्ये वरच्या रांगेतून एकही पॅकेट गळालेले दिसत नव्हते, आणि म्हणूनच हा प्रश्न इतका चिवट ठरला. स्ट्रिक्ट प्रायॉरिटी पुढची फ्रेम कोणती हे ठरवते. तारेवर निघालेली फ्रेम ती अडवू शकत नाही. नॅससाठी ९००० बाइटच्या जंबो (नेहमीपेक्षा मोठ्या) फ्रेम सुरू होत्या, आणि १ गिगाबिटवर अशी एक फ्रेम जायला ७२ मायक्रोसेकंद लागतात. हा उशीर बॅकअपच्या दिशेनेच होतो, उलट्या दिशेने नाही. पीटीपी मात्र दोन्ही दिशा सारख्या धरते, म्हणून निम्मा फरक, म्हणजे ३६ मायक्रोसेकंदांपर्यंत, चूक होऊन ऑफसेटमध्ये उतरतो. ४८ किलोहर्ट्‌झचा एक नमुना सुमारे २०.८ मायक्रोसेकंदांचा असतो. १५०० बाइटच्या फ्रेमला १२ मायक्रोसेकंद पुरतात आणि चूक ६ च्या आसपास राहते. जंबो बंद केले आणि पूर्ण बॅकअप चालू असताना लॉक टिकून राहिले. ऑफसेटची ती सपाट रेषा मी बराच वेळ समाधानाने पाहत बसलो.

रांगनिहाय काउंटर नसते तर या निदानापर्यंत पोहोचता आले नसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा जुना कार्यालयीन स्विच पंख्याचा आवाज करतो, पण कमांड लाइनवरून सर्व दाखवतो. नव्या स्वस्त स्मार्ट स्विचच्या वेबपानावर केवळ प्राधान्याची एक खूणचौकट असते, आणि या छंदासाठी ती अपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे.

यापुढे बाउंड्री क्लॉक (पीटीपीची वेळ स्वतः घेऊन पुढे देणारे घड्याळ) असलेला स्विच घेण्याचा विचार होता. परंतु वरील हिशेब लिहिताना लक्षात आले की दोन्ही स्विचवरील १० गिगाबिटचे एसएफपी प्लस (मॉड्यूल बसवायचे) पोर्ट रिकामेच आहेत. त्या वेगावर जंबो फ्रेमलाही ७.२ मायक्रोसेकंदच लागतात, आणि १ गिगाबिटच्या मोजक्या यंत्रांचा बॅकअप ती जोडणी भरूही शकणार नाही. स्पीकरच्या पोर्टवर बॅकअपची फ्रेम येतच नाही, त्यामुळे उशीर होण्याची जागा ही एकच होती. फ्रेम मध्येच थांबवणारे ८०२.१क्यूबीयू दोन्ही टोकांना लागते, आणि माझ्या स्विचमध्ये ते नाही. म्हणून आधी दोन मॉड्यूल आणि फायबर घेतो, जंबो पुन्हा सुरू करतो, आणि पुढील नोंदीत पीटीपी४एलचे आलेख शेजारी शेजारी देतो.