तुम्ही विचारलंत म्हणून : लिव्हरपूलचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग

मी लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा जुना चाहता आहे हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "तुमच्या टीममध्ये आजवर सगळ्यात जास्त निराशा कुणी केली?" विचारणाऱ्याच्या मनात एक नाव असतं आणि ते त्याला माझ्या तोंडून ऐकायचं असतं. कधी अँडी कॅरल, कधी मारिओ बालोटेल्ली, आणि अलीकडे बहुतेक वेळा गोलकीपर लोरिस कारियस. मी भलतंच नाव घेतो, मग वाद सुरू होतो आणि दरवेळी अर्धवट राहतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतोय.

आधी कारियसचं बोलतो, कारण त्याचं नाव या यादीत आलं की मला गप्प बसवत नाही.

२६ मे २०१८, कीव्ह. चॅम्पियन्स लीगची फायनल, समोर रिआल माद्रिद. अर्ध्या तासातच त्यांच्या सर्जिओ रामोसशी झालेल्या झटापटीत आमच्या मोहम्मद सलाहचा खांदा गेला आणि तो रडत बाहेर पडला. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला त्याच रामोसचं कोपर कारियसच्या डोक्याला लागलं. रेफ्रीने लक्ष दिलं नाही, खेळ चालू राहिला. दोनच मिनिटांनी कारियसने बॉल हातात घेतला, बाजूच्या डिफेंडरकडे फेकायला गेला आणि समोर उभ्या बेंझेमाने नुसता पाय पुढे केला. बॉल घरंगळत गोलमध्ये. आमच्या सादिओ मानेने लगेच बरोबरी करून दिली, मग रिआलच्या गॅरेथ बेलने ओव्हरहेड किक मारून तो जन्मभर लक्षात राहील असा गोल केला. त्यात कुठल्याच गोलकीपरचा दोष नव्हता. पण ८३ व्या मिनिटाला बेलने लांबून मारलेला शॉट कारियसच्या हातांत आला आणि हातांतून निसटून आत गेला. ३-१.

मॅच संपल्यावर तो मैदानावर पालथा पडून होता. बराच वेळ त्याच्याजवळ कुणीच गेलं नाही. मग तो उठला, एकटाच आमच्या चाहत्यांच्या स्टँडकडे चालत गेला, दोन्ही हात वर करून, जोडून, रडत माफी मागत राहिला. तो शॉट माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही. काही दिवसांनी बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं तेव्हा निदान झालं की डोक्याला मार बसून कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का, झालं होतं, आणि नजरेच्या अंदाजावर त्याचा परिणाम झाला असण्याची शक्यता आहे. लोकांनी याला सबब म्हटलं. मला तसं वाटत नाही. डोक्याला मार लागलेला माणूस खेळत राहिला आणि त्याला बाहेर काढायला हवं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, यात निराशा कुणी केली?

शिवाय त्याच्या चुकीतून क्लबने जे करायचं ते केलं. त्याच उन्हाळ्यात नवा गोलकीपर अॅलिसन आला, वर्षभरात माद्रिदमध्ये टॉटनहॅमला हरवून तोच कप आमच्याकडे आला. कारियस मात्र पुन्हा लिव्हरपूलसाठी एकही स्पर्धात्मक मॅच खेळला नाही. २०२३ च्या लीग कप फायनलमध्ये न्यूकॅसलचा मुख्य गोलकीपर सस्पेंड झाला आणि तेव्हा त्याच क्लबात असलेला, दोन वर्षं एकही मॅच न खेळलेला कारियस वेम्बलीवर उभा राहिला. न्यूकॅसल हरलं, पण तो चांगला खेळला. लिव्हरपूलचा काहीही संबंध नसलेली ती मॅच मी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत पाहिली.

आता अँडी कॅरल. हे नाव घेणाऱ्यांचा मुद्दा सरळ असतो : साडेतीन कोटी पौंड आणि लीगमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगमध्ये, सहा गोल. आकडे खरे आहेत. पण हे साडेतीन कोटी आले कुठून, ते बघा.

३१ जानेवारी २०११, ट्रान्सफर विंडोचा, म्हणजे खेळाडू घेण्या-विकण्याच्या मुदतीचा, शेवटचा दिवस. आमचा स्ट्रायकर फर्नांडो टॉरेसला चेल्सीत जायचं होतं. तो जाणार हे नक्की झाल्यावर आम्हाला त्याच दिवसात नवा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, हवा होता, आणि न्यूकॅसलला आपला बावीस वर्षांचा कॅरल विकायची काहीच घाई नव्हती. नवे मालक जॉन हेन्री यांनी नंतर स्वतः सांगितलं की त्यांच्या लेखी दोन किमतींतला फरक तेवढा महत्त्वाचा होता. टॉरेसचे पाच कोटी आणि कॅरलचे साडेतीन, किंवा चार आणि अडीच, त्यांना सारखंच. म्हणजे कॅरलची किंमत कॅरलकडे बघून ठरलीच नव्हती. ती चेल्सी किती मोजतंय यावर ठरली, आणि पुढे प्रत्येक चुकलेल्या हेडरला ती त्या पोराच्या गळ्यात अडकवली गेली. त्यात तो आला तेव्हा मांडीच्या दुखापतीने बाहेर होता, मार्च उजाडेपर्यंत लाल जर्सीत उतरलाही नाही. आणि त्याच दिवशी आलेला दुसरा स्ट्रायकर, लुईस सुआरेझ, पहिल्या मॅचपासून असा खेळायला लागला की तुलना टळणं शक्यच नव्हतं.

कॅरलचा खेळ म्हणजे उंची आणि छाती. त्याला बाजूने उंच क्रॉस हवे होते. सुआरेझला बॉल पायात हवा होता. एकाच टीममध्ये दोन वेगवेगळे खेळ चालले होते. मग २०१२ च्या उन्हाळ्यात ब्रेंडन रॉजर्स मॅनेजर म्हणून आले, छोट्या पासचा खेळ आणला, आणि कॅरल वेस्ट हॅमकडे लोनवर, म्हणजे उसना, गेला तो गेलाच.

पण त्याआधीचे तीन आठवडे कुणी आठवत नाही. एप्रिल २०१२, एफए कपची सेमीफायनल, समोर एव्हर्टन, म्हणजे शहरातलंच भांडण. ८७ व्या मिनिटाला कॅरलच्या हेडरने आम्ही २-१ जिंकलो. ५ मेला फायनल, चेल्सीविरुद्ध. आम्ही ०-२ ने मागे असताना तो उतरला, एक गोल मारला आणि पुढचा अर्धा तास चेल्सीच्या डिफेंडरना हवेत जिंकू दिलं नाही. ८२ व्या मिनिटाला त्याने जवळून हेडर मारला. पेत्र चेकने मागे पडत पडत एका हाताने बॉल गोलच्या वरच्या दांडीवर ढकलला. कॅरल गोल झाला म्हणून धावत सुटला होता. गोल दिला गेला नाही. बॉल रेषेवर की रेषेपलीकडे, हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. तो गोल धरला गेला असता तर लोक आज कॅरलबद्दल काय बोलले असते, याचा विचार मी कितीतरी वेळा केलाय.

बालोटेल्लीवर फार वेळ घालवत नाही. २०१४ मध्ये सुआरेझ बार्सिलोनाला गेला आणि त्याच्या जागी १.६ कोटी पौंडांत हा आला. लीगमध्ये एक गोल. तो प्रेस करत नाही, म्हणजे बॉल समोरच्यांकडे असताना धावून दबाव टाकत नाही, हे सगळ्या युरोपला माहीत होतं, आणि रॉजर्स यांचा सगळा खेळच पुढच्या फळीच्या धावपळीवर उभा होता. सुतारकामाला लोहार बोलावला तर लोहाराला किती बोल लावणार?

पॉल कॉन्चेस्की, ख्रिस्तियन पौल्सेन या मंडळींची नावंही निघतात. २०१० च्या त्या वाईट सीझनला त्यांना शिव्या पडल्या. पण ते आले तेव्हा आम्ही त्यांच्याकडे काही मागितलंच नव्हतं. मग निराशा कसली?

एका माणसावर मात्र माझा खरोखर राग आहे : एल हाजी डिऊफ. २००१-०२ मध्ये मॅनेजर जेरार हुलिए यांची टीम ८० गुण घेऊन लीगमध्ये दुसरी आली होती. बारा वर्षांत लीग इतकी जवळ आलेली मी पाहिली नव्हती. लोनवर असलेला निकोला आनेल्का चांगला खेळत होता. हुलिए यांनी त्याला ठेवलं नाही, त्याऐवजी एक कोटी पौंड मोजून फ्रान्समधल्या लान्स क्लबकडून सेनेगलच्या डिऊफला आणलं. वर्ल्ड कपच्या पहिल्याच मॅचमध्ये सेनेगलने फ्रान्सला हरवलं तेव्हा डिऊफने फ्रान्सच्या डिफेन्सला पळवून पळवून दमवलं होतं, त्यामुळे आम्ही हरखून गेलो होतो. अॅनफिल्डवरच्या पहिल्या मॅचमध्ये त्याने साउदॅम्प्टनविरुद्ध दोन गोल केले. त्यानंतर दोन सीझनमध्ये लीगमध्ये फक्त एक. दुसऱ्या सीझनमध्ये तर पाठीवर नऊ नंबर आणि लीगमध्ये शून्य. तेही मी विसरलो असतो. पण मार्च २००३ मध्ये ग्लासगोला सेल्टिकच्या मैदानावर तो प्रेक्षकावर थुंकला. ज्या जर्सीसाठी माणसं हयात घालवतात ती घालून त्याने ते केलं. गोल होणं न होणं पायाच्या हातात असतं, थुंकणं माणसाच्या. तरीही त्याला मी अपेक्षाभंग म्हणत नाही. चीड म्हणतो. ती वेगळी.

मग माझं उत्तर काय? नाबी केइटा.

हे नाव ऐकून लोक गोंधळतात. चॅम्पियन्स लीग, लीग, एफए कप, लीग कप, सगळं जिंकलेल्या टीमचा खेळाडू कसा काय अपेक्षाभंग? आणि तो वाईटही खेळला नाही. तेच तर दुखतं.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या जर्मन क्लबशी, लायपझिगशी, करार झाला, पण तो यायचा होता वर्षभराने. ते वर्ष मी लायपझिगच्या मॅचेस बघत काढलं. मधल्या फळीत बॉल हिसकावून घ्यायचा, लगेच वळायचं आणि तीन माणसांमधून सरळ पुढे घुसायचं. असा मिडफिल्डर आमच्याकडे नव्हता. २०१८ मध्ये तो आला तेव्हा आठ नंबरची जर्सी आमचा जुना कॅप्टन स्टीव्हन जेरार्डने स्वतः त्याच्या हातात दिली. जेरार्ड गेल्यापासून तीन वर्षं ती कुणीच घातली नव्हती. कोण घालणार?

पहिल्या सीझनमध्ये रुळायला वेळ लागला. मग २०१९ चा एप्रिल आला आणि फुलायला लागला. साउदॅम्प्टनविरुद्ध गोल, चार दिवसांनी पोर्टोविरुद्ध गोल, महिन्याच्या शेवटी हडर्सफील्डविरुद्ध पंधराव्या सेकंदाला गोल. मी म्हटलं, आला आपला माणूस. पाच दिवसांनी बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलची पहिली लेग, म्हणजे दोनपैकी पहिली मॅच, होती. अर्ध्या तासाच्या आत जांघ धरून तो बाहेर गेला. परतीच्या लेगमध्ये अॅनफिल्डवर ४-० चा चमत्कार झाला, माद्रिदला कप उचलला, आणि या दोन्ही मॅचेसमध्ये तो नव्हता.

पुढची चार वर्षं अशीच. दोन-तीन मॅचेस अशा की अंगावर काटा यावा, आणि मग स्नायू, मग घोटा, मग पुन्हा स्नायू. २०२० मध्ये ज्या रात्री लीगची ट्रॉफी मिळायची होती त्या रात्री चेल्सीविरुद्ध पंचवीस यार्डांवरून त्याने मारलेला गोल अजून काढून बघतो. पाच सीझनमध्ये लीगच्या १९० मॅचेस झाल्या, तो त्यातल्या ८४ खेळला, त्यातही कित्येकदा शेवटच्या काही मिनिटांसाठी.

आणि ऑक्टोबर २०२१, ओल्ड ट्रॅफर्ड. मँचेस्टर युनायटेडच्या घरी ५-० ची ती मॅच. सगळ्यांना सलाहची हॅट्ट्रिक आठवते. पण पहिला गोल केइटाचा होता, पाचव्या मिनिटाला. सलाहने पास दिला, तो एकटाच गोलकीपरसमोर होता, शांतपणे बॉल बाजूने सरकवला. त्या दिवशी तो दुखापतीआधीचा, लायपझिगचा केइटा होता. तासाभराने पॉल पोग्बाने त्याच्या नडगीवर दोन्ही पायांनी उडी घातली. पोग्बाला रेड कार्ड मिळालं, आणि केइटा स्ट्रेचरवर गेला. युनायटेडला त्यांच्या घरात पाच गोल मारल्याच्या आनंदात कोपऱ्यातून तो स्ट्रेचर जाताना दिसत होता. मी त्या मॅचचा आनंद पुरता घेऊ शकलो नाही.

दोष कुणाला द्यायचा? त्याने कधी अंगचोरी केली नाही. क्लबने घाई केली नाही, योग्य माणूस निवडला, वाट पाहिली, जुन्या कॅप्टनचा नंबर दिला. मॅनेजर यर्गन क्लॉप शेवटपर्यंत त्याच्यावर विश्वास ठेवून होते. सगळं बरोबर झालं आणि तरी २०२३ मध्ये तो करार संपवून गुपचूप जर्मनीतल्या ब्रेमेनला निघून गेला. कॅरलच्या वेळी निदान मालकांवर चिडता आलं होतं.

तो गेला त्याच उन्हाळ्यात लायपझिगहूनच डॉमिनिक सोबोस्लाय आला, आणि आठ नंबरची जर्सी त्याला मिळाली. सीझनच्या पहिल्या मॅचमध्ये त्याला कुणी पाडलं की मी रीप्ले बघत नव्हतो, फाऊल कुणाचा हेही बघत नव्हतो. तो उठतोय का, एवढंच बघत होतो.