साबुदाण्याशिवायची आषाढी

लग्नानंतरची २२ वर्षं आषाढीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, वरईचा भात, रताळ्याचा कीस हा बेत ठरलेला. आज पहिल्यांदाच मी यातलं काहीच खाल्लं नाही.

तीन वर्षांपासून मधुमेह आहे. मार्चपासून भात-पोळी कमी केली, तीही डॉक्टरांना विचारूनच. कर्बोदकं घटवली आणि गोळ्या तशाच राहिल्या तर काही गोळ्यांनी साखर एकदम उतरू शकते, म्हणून त्यांनी आधी माझी एक गोळी कमी केली. कृपया कुणीही हे परस्पर सुरू करू नका.

एरवी पनीर, दही, मूग, मेथी यांवर छान निभतं. उपवासाला मूगही नाही, मेथीही नाही. आणि १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं, प्रथिनं जवळपास नाहीतच.

सकाळी सासूबाईंना सांगताना जीव कसनुसा झाला होता. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुपारी पाहिलं तर माझ्यासाठी वेगळं पातेलं! आमसूल घातलेली, बिनगुळाची दाण्याची आमटी. सोबत खमंग काकडी आणि तुपात परतलेलं पनीर. "विठोबा काय साबुदाणाच मागतो का गं?" एवढंच म्हणाल्या. माझे डोळे भरून आले.

जेवणानंतर दोन तासांनी साखर १३२. गेल्या आषाढीला २४० होती. आईंनी चष्मा लावून मीटरवरचा आकडा दोनदा वाचला.

आत्ता उद्याच्या पारण्यासाठी मूग भिजत घालतायत.