वाडग्यांचा हिशोब : ५२ पासून ४० पर्यंत

८ नोव्हेंबर

आज नऊ वाडगे चाकावरून उतरवले. त्यातले दोन लगेच तारेने उभे कापले आणि भिंतीचा छेद बघितला. वर चार मिलिमीटर, खाली चांगले अकरा. म्हणजे अजून माती खालीच राहतेय, वर चढत नाही. दोन वर्षं चाकावर बसतेय तरी हे दुखणं काही जात नाही.

हा घाट कशासाठी ते आधी सांगते. आमच्या स्टुडिओचे सर ज्या कॉलेजात शिकवायला जातात, तिथल्या कला विभागाची एक छोटी गॅलरी आहे. दर जानेवारीत मुलांच्या सिरॅमिक्सचं प्रदर्शन भरतं. यंदा त्याला जोडून निधी गोळा करायचं ठरलंय, बाहेरगावाहून आलेल्या मुलांच्या मेसच्या पैशांसाठी. महिन्याच्या शेवटी एका वेळचं जेवण टाळणारी मुलं पुण्यात किती आहेत, हे कुठल्याही मेसवाल्याला विचारा. कल्पना सरांनी मिशिगनमधून उचललीय. तिथे १९९० मध्ये एका शाळेतल्या जॉन हार्टम नावाच्या कलाशिक्षकाने मुलांकडून वाडगे करवून घेतले, त्यात सूप आणि सोबत ब्रेड असं साधं जेवण ठेवलं, पैसे भुकेल्यांसाठी दिले आणि वाडगा पाहुण्याला घरी नेऊ दिला. ‘एम्टी बोल्स’ या नावाने ते पुढे खूप ठिकाणी पसरलं. बहुतेक ठिकाणी ज्या गावात जेवण, त्या गावाच्याच भुकेला पैसे.

आमच्याकडे सूपऐवजी कटाची आमटी आणि भाकरी. मुलं आणि आम्ही हौशी मंडळी मिळून १८० वाडगे करायचे, त्यातले ४० माझे. बँकेतली नोकरी सांभाळून शनिवार-रविवार. बघू.

१६ नोव्हेंबर

नावावरून दोन तास गेले. ‘रिकामा वाडगा’ म्हटल्यावर एक प्राध्यापक म्हणाले, ऐन संक्रांतीच्या महिन्यात निमंत्रणावर रिकामं भांडं छापणार का? दुसऱ्यांना ते भिकेच्या वाडग्यासारखं वाटलं. मग मागच्या बाकावरची अमरावतीकडची एक मुलगी म्हणाली, “आमच्याकडच्या गाडगेबाबांना नाव कशावरून पडलं, सर?” सगळे गप्प. त्याच गाडग्यात जेवणारा माणूस गावं झाडत फिरला आणि धर्मशाळा बांधून गेला. तरी ‘रिकामा’ शब्द काही मंजूर झाला नाही. शेवटी निमंत्रणावर नाव न घालता वाडग्याचं एक रेखाचित्र छापायचं ठरलं. मला ते जास्त आवडलं.

‘गॅलरीत विक्री कशी करायची’ हाही मुद्दा निघाला. त्यावर एका मुलाने जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं उदाहरण दिलं. १८७० च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखाली तिथे मातीची भांडी घडत, त्यांवर अजिंठ्याची नक्षी रंगवली जाई आणि ती विकलीही जात. वाद तिथेच मिटला.

२३ नोव्हेंबर

माप ठरलं. ५०० ग्रॅम माती, ओल्या वाडग्याचं तोंड १७ सेंटीमीटर. आमची स्टोनवेअर (जास्त तापाला भाजायची) माती वाळून-भाजून साधारण १२ टक्के आटते, म्हणजे शेवटी १५ सेंटीमीटर. दोन पळ्या आमटी आणि वर भाकरी कुस्करायला थोडी जागा. काठीला खाचा पाडून माप तयार केलंय. एक खाच उंचीची, एक रुंदीची.

एकसारखे करायला बसलं की आपलं चाकावरचं खरं वय कळतं. पहिले चार बरे, पाचव्यापासून खांदे भरतात आणि वाडगा बशीकडे झुकायला लागतो. सध्याचा उपाय असा : गोळे एकदम मळून वजन करून ठेवते, सहा झाले की उठते, चहा घेते, मग पुढचे सहा. ज्यांना सलग वीस काढता येतात त्यांना माझा दुरून नमस्कार.

३० नोव्हेंबर

आज सगळ्यात जास्त शिकले, आणि तेही चाकापासून लांब.

मागच्या वर्षीचे तीन वाडगे पिशवीत घालून कॉलेजच्या मेसमध्ये गेले. जेवण तिथल्याच मावशी करणार आहेत, म्हटलं त्यांना दाखवावं. मावशींनी पहिला वाडगा हातात घेतला, पण तो डोळ्यांसमोर धरून वगैरे पाहिला नाही. चार बोटं आत घालून गोल फिरवली. मग पालथा केला, बुडाच्या कड्यात नख घातलं. म्हणाल्या, “ताई, ह्या खाचेत राख बसंल न्हाईतर साबण. घासायचं कसं?” दुसऱ्याची कड आत वळलेली होती. माझ्या मते तो त्या तिघांतला सगळ्यात देखणा. “ह्यातली आमटी पिताना निम्मी नाकाला लागंल.” तिसरा त्यांना बरा वाटला. जाडसर, कड किंचित बाहेर, बूड रुंद. त्यात त्यांनी कढत पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी उचलला. “कडंला धरलं तर चटका बसत न्हाई. ह्यो चालंल.”

दोन वर्षांत कुणी माझ्या वाडग्याबद्दल इतकं नेमकं बोललेलं नाही. आपण एकमेकांना ‘फॉर्म छान आलाय’ म्हणतो आणि घरी जातो. आता बदललेलं असं : कड सहा-सात मिलिमीटर बाहेर वळवायची. बुडाचं कडं आतून तिरपं छिलायचं, म्हणजे बोटाने पुसता आलं पाहिजे. आतला तळ चमच्यासारखा गोल, कुठेही कोपरा नाही. आणि एकात एक चार वाडगे बसले पाहिजेत, नाहीतर मेसच्या मांडणीवर जागा नाही.

मावशी तेरजवळच्या. “आमच्या गोरोबाकाकांचा धंदा करता व्हय,” म्हणाल्या. मी म्हटलं, धंदा कुठला, पैसे जातातच नुसते.

१४ डिसेंबर

एकूण ५२ वाडगे फिरकीवरून उतरवून झाले. दोन कापले ते वर सांगितलेच. चार वाळताना तळाशी तडकले, तोच आपला इंग्रजी एस आकाराचा तडा. कारण माझंच. तळ ओढताना माती बोटाने नीट दाबली नाही, आणि थंडीतली कोरडी हवा. कड भराभर वाळली, तळ ओला राहिला. आता वाडगा लेदर-हार्ड, म्हणजे अर्धवट वाळून घट्ट, झाला की पालथा घालून वर्तमानपत्राखाली ठेवते आणि कडेला प्लास्टिकची पट्टी गुंडाळते. त्यानंतर एकही तडकला नाही.

४६ बिस्कमध्ये, म्हणजे पहिल्या भाजणीत, गेले, साधारण १००० अंशाला. ५७३ अंशांच्या आसपास मातीतलं क्वार्ट्झ आपली रचना बदलतं, त्या टप्प्यात चढताना-उतरताना घाई केली की भांडं तडकतं. तिथे मी तासाला ६० अंशांवर आणलं होतं. सगळे धड बाहेर आले. मग स्टुडिओतून गाडीत ठेवताना एक हातातून सुटला, ते वेगळं. ४५.

२१ डिसेंबर

ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप. मला एक तांब्याचा मॅट हिरवा फार आवडतो, जुन्या पितळी समईवर चढतो तसला. त्याच्या चाचणी फरशीवर लिंबाची फोड रात्रभर ठेवली. सकाळी फोडीखाली पांढुरका गोल डाग. म्हणजे आंबटाने ग्लेझमधलं तांबं सुटतंय. कटाच्या आमटीत चिंच असते, तेव्हा हा रंग बाद. शोभेच्या भांड्यावर खुशाल वापरा, पण जेवायच्या भांड्याला आतून नको.

दुसरी चाचणी आपल्या स्वयंपाकघरातली. पारदर्शक ग्लेझ लावलेल्या तुकड्यावर हळद कालवून दोन तास ठेवली आणि धुतली. पिवळ्या रेघांचं बारीक जाळं उठून दिसलं. डोळ्यांना अजिबात न दिसणारं क्रेझिंग, म्हणजे ग्लेझमधल्या बारीक भेगा, हळदीने पकडून दिलं. ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं म्हणून ते तडकतं. सिलिका पाच टक्के वाढवून पुन्हा तुकडा भाजला. या वेळी हळद सरळ धुऊन गेली. ही युक्ती मला कुठे वाचायला मिळाली नव्हती, घरच्या पांढऱ्या बशीचे हाल बघून सुचली.

शेवटी दोनच ग्लेझ ठरवले : आतून दुधी पांढरा, बाहेरून लोखंडाचा तपकिरी. बुडाला मेण लावून तीन मिलिमीटर जागा सोडली.

२६ डिसेंबर

गुरुवारी, म्हणजे लाइट जाण्याच्या वारी, भट्टी लावायची नाही, हे पुण्यात राहून मला कळायला हवं होतं. सुट्टी होती म्हणून मोह झाला. पहिली खेप, २२ वाडगे, कोन ६ म्हणजे १२२० अंशांच्या आसपास. दुपारी ११४० ला काटा असताना लाइट गेली. आली तोवर भट्टी ७०० च्या खाली. सर गावाला गेलेले. मी पुन्हा चढवायला घाबरले, बंद करून ठेवली. दुसऱ्या दिवशी उघडली तर वाडगे चक्क चकचकीत! आतला साक्षीदार कोन (ठरलेला ताप मिळाला की वाकणारा छोटा सुळका) मात्र ताठ उभा होता, जराही वाकला नव्हता. तो मी पाहिला आणि पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

३ जानेवारी

सहा वाडगे मावशींकडे नेले, कौतुक ऐकायलाच, खोटं कशाला बोला. मावशींनी एक तळहातावर घेतला आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. खट्ट. दुसऱ्याला मारली. खट्ट. मग मागच्या वर्षीचा तो जाडसर वाडगा मांडणीवरून काढून त्याला मारली, तर टण्ण करून आवाज किती तरी वेळ घुमत राहिला.

“ताई, हे नामदेव हायेत सगळे.”

मला आधी कळेना. मग त्या हसायला लागल्या आणि हाताने थापटणं मारल्यासारखं केलं. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते पाहिलं, आणि नामदेवच कच्चं मडकं निघाले, ती गोष्ट.

घरी येऊन वजनकाटा काढला. कोरडा वाडगा ३२० ग्रॅम. दोन तास पाण्यात उकळला, रात्रभर त्यातच ठेवला, सकाळी पुसून वजन केलं : ३३६. म्हणजे पाच टक्के पाणी प्यायला. नीट भाजलेल्या आमच्या मातीने दीड-दोन टक्क्यांच्या वर पिऊ नये. ग्लेझ वितळलं होतं, पण आतली माती शिजलीच नव्हती. अशा वाडग्यात बुडाच्या उघड्या मातीतून पाणी शिरतं, मग वास येतो आणि एके दिवशी कढत आमटी ओतताना तो उलतो.

५ जानेवारी

बाविसच्या बावीस पुन्हा भट्टीत, या वेळी रविवारी. कोन व्यवस्थित वाकला. पण दोनदा तापल्यामुळे ग्लेझ ओघळलं आणि तीन वाडगे भट्टीतल्या फळीला चिकटले. छिन्नीने काढले, बुडं गेली. फळीवर ॲल्युमिना आणि केओलिनचा लेप जाडसर होता म्हणून निदान फळी वाचली. १९ उरले. पाण्याची चाचणी पुन्हा केली : ३२० चे ३२५. टिचकी मारली, टण्ण.

दुसऱ्या खेपेतल्या २३ पैकी दोनांवर ग्लेझ गोळा होऊन माती उघडी पडली. बिस्कवर हाताचं तेल लागलं असणार, कारण त्या दिवशी मी भजी खाऊन कामाला बसले होते. २१.

१९ आणि २१. नेमके चाळीस, एकही जादा नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. वाणाची सुगडं आणायला कुंभारवाड्यात गेले. तिथले काका सुगड चाकावरून उतरवायला काही सेकंदच घेतात, घड्याळ लावून बघायची हिंमत झाली नाही. माझ्या एका वाडग्याला ट्रिमिंग (बूड छिलणं) धरून पाऊण तास लागतो. पाच सुगडांचे पैसे देताना घासाघीस करणाऱ्या बाईकडे मी पहिल्यांदाच रागाने बघितलं. मागच्या वर्षीपर्यंत मीही तेच करत होते.

२५ जानेवारी

प्रदर्शन. भिंतीलगत पांढऱ्या चौथऱ्यांवर मुलांची कामं होती. एका मुलीने वडिलांच्या विहिरीतली माती आणून केलेले कोरडे, भेगाळलेले थर मला सगळ्यात भिडले. ग्लेझ नाही, काही नाही. समोर उभं राहिलं की घसा कोरडा पडतो. मधल्या लांब टेबलावर १८० वाडगे. भिंतीकडे ‘स्पर्श करू नये’ आणि टेबलावर ‘उचलून बघा’ अशा पाट्या होत्या, त्यामुळे पहिला अर्धा तास लोक टेबलाशीसुद्धा हात मागे बांधून उभे. मग एक आजोबा आले, त्यांनी पाट्या वाचल्याच नाहीत, आणि सुरुवात झाली.

पाचशे रुपयांत वाडगा, आमटी आणि दोन भाकऱ्या. लोक वाडगा कसा निवडतात ते बघत मी तासभर कोपऱ्यात उभी होते. बायका आत बोटं फिरवत होत्या, थेट मावशींसारख्या. पुरुष बहुतेक रंगावर जात होते. लहान मुलं सगळ्यात वेडावाकडा शोधत होती. माझ्या तपकिरी वाडग्यात आमटी घेऊन एक मुलगा पायरीवर बसला. त्याने शेवटी भाकरीचा तुकडा आतल्या गोलाईवरून फिरवला, तो कुठेही न अडकता तळातून वर आला. तो तळ मी बावीस वेळा बिघडवून शिकले होते.

१६७ वाडगे गेले. जमले ८३,५०० रुपये, त्यातून शिधा आणि गॅसचे ११,२०० वजा, राहिले ७२,३००. मेस महिन्याला ३,००० धरली तर सहा मुलांचे चार महिने. माती, ग्लेझ आणि भट्टीची वीज आम्ही हौशी लोकांनी आपापली सोसली, ती हिशोबात धरलेली नाही. ती धरली असती तर आकडा बराच केविलवाणा झाला असता. पुढच्या वर्षी निदान मुलांच्या मातीचे पैसे आधी बाजूला काढावेत असं मी बैठकीत सांगणार आहे.

उरलेल्या तेरात माझा एकच. कड आत वळलेला, सवयीने चुकून झालेला.

१ फेब्रुवारी

तेराही वाडगे मावशींनी मेससाठी मागून घेतले, माझाही घेतला. “ह्यात लोणचं ठिवते, प्यायचं न्हाई ना त्यातनं.” वर मिठासाठी झाकणाचं भांडं सांगितलंय, किलोभर मीठ मावेल असं, पावसाळ्यात पाणी न सुटणारं.

झाकण मला आजवर एकदाही नीट बसवता आलेलं नाही. झाकण जिथे टेकतं त्या खाचेलाही आपल्यात गॅलरीच म्हणतात, आणि माझी ती दर वेळी भाजताना लंबगोल होते. भांडं आणि झाकण एकमेकांवर ठेवूनच बिस्क करायचं की वेगवेगळं, यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा. शनिवारी दीड किलोचा गोळा मळायला घेणार आहे.