दोर ओढण्याआधी

मे महिन्यातला रविवार, भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीचा ट्रेक. २४ जणांची तुकडी, आम्ही चार लीडर आणि दरीच्या माथ्यावरच्या साम्रद गावचे दोन वाटाडे. त्यांतला एक आमच्याबरोबर दरीत, दुसरा वर कड्यावर. रात्रीची बस उशिरा पोहोचल्यामुळे साडेपाचऐवजी साडेसहाला गाव सोडलं. सांदणमध्ये हा एक तास पुढे कुठेच भरून निघत नाही. चालण्यात फार तर पंधरा मिनिटं वाचतात, रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरण्याच्या, रांगेत एकही वाचत नाही.

ज्यांनी सांदण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साम्रदच्या पठाराला पडलेली ही उभी भेग. दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांचे कातळ, काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. सुरुवातीला दोन डोह, मग मोठमोठ्या धोंड्यांची उतरंड, आणि मग सरळ तुटलेले टप्पे, ज्यांतला पहिला सुमारे ४५ फुटांचा. त्याखाली आणखी दोन छोटे टप्पे उतरलं की दरी मोकळी होते, समोर बाण सुळका दिसतो आणि वाट कोकणात डेहणे गावाकडे जाते किंवा करोली घाटाने परत साम्रदला चढते.

डोहांनीच आमचा बराच वेळ खाल्ला. पहिल्यात पाणी मांडीपर्यंत होतं, दुसऱ्यात कमरेच्या वर. तळाचे धोंडे शेवाळलेले, त्यामुळे पाय उचलायचा नाही, घासत पुढे न्यायचा. सॅक डोक्यावर घेऊन चालणारा हमखास पडतो, म्हणून आडवा दोर बांधून सॅक वेगळ्या पलीकडे पाठवल्या. चोवीस जणांना पाऊण तास लागला. बूट काढून हातात घेण्याची हौस दोघांना होती; अनवाणी पाय धोंड्यांत अडकला तर घोटा जातो, त्यामुळे ती तिथेच मोडून काढली. दुसऱ्या डोहाच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेलगत, मी निळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला. ही आमची जुनी सवय, एरवी तिचा काही उपयोग होत नाही.

पहिल्या टप्प्याच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा १०.३० झाले होते आणि पुढे दुसरी एक मोठी तुकडी होती. त्यांचे अजून १८ जण उतरायचे होते. माथ्यावरची जागा अरुंद, एका वेळी सहा-सात माणसं जेमतेम उभी राहतात. बाकीच्यांना मागे धोंड्यांवर सावलीत बसवलं. तोवर आम्ही आमचा अँकर, म्हणजे दोर अडकवायचा पक्का आधार, लावून घेतला. कातळातले वेगळे दोन बोल्ट, दोन्हींवर सारखा भार येईल अशी स्लिंगची (पट्ट्याची) गाठ, दोन लॉकिंग कॅराबिनर (तोंड बंद करता येणारे आकडे) उलटसुलट तोंडं करून. २०० फुटी दोराचा मध्य अँकरच्या रिंगमध्ये अडकवून दोन्ही टोकं खाली सोडली, म्हणजे शेवटचा माणूस उतरला की एक टोक ओढून दोर परत मिळतो. नवख्यांसाठी वरून बिलेचा, म्हणजे पडल्यास धरून ठेवणारा, दोर वेगळा. तशीच शेजारी दुसरी जोडी. आमचा एक लीडर आधी खाली गेला, कारण खालून दोर ताणून धरणारा माणूस असल्याशिवाय नवख्याला सोडायचं नाही हा नियम आहे. उतरणाऱ्याचा हात सुटला तरी खालच्याने दोर ओढला की उतरणं जागच्या जागी थांबतं.

१०.५० ला कड्यावरच्या दादांचा वॉकीटॉकीवर निरोप आला : "उगवतीला ढग चढलाय, डोकं काढलंय त्यानं. पोरं माघारी घ्या."

दरीत असताना आभाळ म्हणजे वर दिसणारी एक चिंधी. आम्हाला ती स्वच्छ निळी दिसत होती. वळवाचा ढग पूर्वेकडून चढतो, दरीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे खालच्याला तो डोक्यावर येईपर्यंत दिसत नाही. गडगडाट झाला तरी भिंतींमध्ये तो कुठून आला हे कळत नाही. म्हणूनच वर माणूस ठेवायचा, आणि तोही रॅपलच्या बरोबर वरच्या कड्यावर, कारण दरीच्या वळणांत वॉकीटॉकी मुका होतो. तोही बंद पडला तर शिट्टीचे तीन लांब सूर.

मग हिशेब मांडला. पुढच्यांचे १८ जण दोन दोरांवर म्हणजे ११.४० होणार. खाली उभं राहायलाही जागा हवी, त्यामुळे त्याआधी आमचे सोडता येत नव्हते. आमचे २४, दोन दोर. बांधणं, तपासणं, उतरणं, सोडवणं आणि बिले परत वर घेणं, माणशी सहा मिनिटं धरली तर ७२ मिनिटं. खालचे दोन टप्पे चाळीस-चाळीस मिनिटांचे, मधल्या धोंड्यांना अर्धा तास. शेवटचा माणूस मोकळ्या दरीत पोहोचायला पावणेतीन, तेही कुणी दोरावर घाबरून थांबलं नाही तर. आणि चोवीस नवख्यांत एक तरी थांबतोच. उलट, त्याच क्षणी मागे फिरलो तर एकपर्यंत गावात. वळीव बहुतेकदा तीननंतर कोसळतो, पण त्या बहुतेकदावर माणसं दोराला लावायची नसतात.

दुसऱ्या तुकडीच्या लीडरशी बोललो. त्याने पुढे जायचं ठरवलं, आणि ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्याची निम्म्याहून जास्त माणसं आधीच खाली होती. त्यांना चढवून वर घ्यायचं तर दुपार तिथेच झाली असती. तो साडेबाराला सगळ्यांना घेऊन शेवटच्या टप्प्याखाली पोहोचणार होता. एकच दरी, एकच ढग, पण दोघांची उत्तरं वेगळी.

आमचा खाली गेलेला लीडर मात्र परत आणायचा होता. दोर अजून ओढलेला नव्हता, म्हणून ते शक्य झालं. दोराचं एक टोक वर अँकरला पक्कं केलं, त्यावर त्याने दोन जुमार, म्हणजे दोरावर फक्त वरच सरकणाऱ्या पकडी, लावले. एक हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला), दुसरा पायाच्या फासाला. वरून बिले होताच. पायावर उभं राहायचं, वरचा जुमार सरकवायचा, बसायचं, खालचा सरकवायचा. ४५ फुटांना चौदा मिनिटं लागली. सरावाचा माणूस असूनही वर आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

तुकडीला सांगणं हे या सगळ्याहून अवघड. "सर, एक ढग नाही आभाळात", "रॅपलिंगसाठीच पैसे भरले ना?" वाद घालायला वेळ नव्हता. "वर गेल्यावर बोलू," एवढंच सांगितलं आणि क्रम बदलला : सर्वांत हळू चालणारे पुढे, दोन लीडर त्यांच्याबरोबर, दोर गुंडाळून आणणारे शेवटी. धोंडे चढताना उतरण्यापेक्षा गुडघ्यांना बरं, पण दम जास्त लागतो. पंधरा-पंधरा मिनिटांनी दोन मिनिटं थांबा आणि मीठ-साखरेचं पाणी. १.१० ला सगळे डोहांच्या वर होते.

पाऊस २.५० ला आला. पंचवीस मिनिटं, थोड्या गारांसकट. आम्ही गावात पडवीत जेवत होतो. पठारावर मातीचा थर पातळ आणि खाली कातळ, त्यामुळे पाणी मुरायला जागाच नाही. पडलं की घळीकडे धावतं. ओसरल्यावर, विजा थांबून अर्धा तास गेल्यावर, आम्ही दोघे तोंडापर्यंत जाऊन आलो. पहिल्या डोहाचं सकाळचं नितळ पाणी चहासारखं झालेलं, वर पालापाचोळा आणि काटक्या फिरत होत्या. आत पाय घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या डोहापर्यंत गेलो तेव्हा पाणी बरंच उतरलं होतं, पण भिंतीवरची चिखलाची ताजी रेघ निळ्या पट्टीच्या दीड फूट वर होती. कमरेच्या वर आणि दीड फूट म्हणजे सरासरी उंचीच्या माणसाचा गळा, तोही वाहत्या, गढूळ पाण्यात.

दुसरी तुकडी त्या वेळी खालच्या मोकळ्या दरीत, ओढ्यापासून उंचावरच्या सपाटीवर होती. भिजली, बाकी काही नाही.

रॅपलिंगचे पैसे आम्ही सगळ्यांना परत केले. दोन जणांनी बसभाडंही मागितलं. ते दिलं नाही. तेव्हापासून मे महिन्यात पहिल्या टप्प्याच्या माथ्यावर साडेनऊपर्यंत पोहोचलो नाही, तर ढग असो वा नसो, दोर पिशवीतून बाहेर काढत नाही.