एरंडेलाचा वास आणि पहिले नायट्रो हेलिकॉप्टर

रेडिओवर चालणारे हेलिकॉप्टर शिकायचे आहे, कोणते घेऊ, असे कुणी विचारले की मी विजेवर चालणारे घ्या, असेच सांगतो. बॅटरी जोडली की पाती फिरू लागतात. इतका सरळ व्यवहार नायट्रोमध्ये, म्हणजे नायट्रोमिथेन मिसळलेल्या इंधनावर चालणाऱ्या इंजिनात, नाही. तरीही माझ्याकडचे एकमेव मोठे हेलिकॉप्टर नायट्रोवर चालते, आणि त्याला कोल्हापुरात वाढलेला माणूस दुसरे काय करणार, एवढेच माझे उत्तर आहे. ज्या गावाच्या उद्यमनगरात गल्लोगल्ली इंजिनाचे सुटे भाग बनतात आणि विहिरीवरच्या इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठे बिघडले आहे ते सांगणारी माणसे भेटतात, तिथे बॅटरीची घरघर मनाला फारशी भिडत नाही. शिवाय आम्ही उडवतो त्या रानात विजेचा खांब नाही, त्यामुळे बॅटऱ्या चार्ज कुठे करणार हा प्रश्न उरतोच. नायट्रोत टाकी भरली की दहा-बारा मिनिटे उडवता येते आणि उतरल्यावर पुन्हा भरून लगेच निघता येते.

हेलिकॉप्टर घेताना ३०, ५०, ९० असे आकडे कानावर पडतात. ते इंजिनाचे घनफळ सांगतात, तेही इंचांच्या मापात: ३० म्हणजे ०.३० घन इंच, म्हणजे जेमतेम ५ सीसी; ५० म्हणजे सुमारे ८ सीसी आणि ९० म्हणजे जवळजवळ १५ सीसी. मी थंडर टायगर या तैवानी कंपनीचे रॅप्टर ३० जुने घेतले. पात्यांच्या फिरण्याचा व्यास सव्वा मीटर आणि वजन सुमारे ३ किलो. आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी ५० चे घेईन, कारण वाऱ्यात ते जास्त स्थिर राहते, लांबून नीट दिसते आणि इंजिनावर ताण कमी येतो. जुने घेताना एक काम अवश्य करावे. मुख्य शाफ्ट आणि पात्यांना धरणारी स्पिंडल काढून काचेवर गडगडवून पाहावी. केसभर जरी वाकलेली असेल तरी काच ते लगेच दाखवते, आणि विकणाऱ्याने सांगितलेले ‘एकदाही पडलेले नाही’ हे वाक्य तिथेच निकालात निघते.

इंधन हा या छंदातला सर्वांत त्रासदायक भाग आहे. त्यात मुख्यतः मिथेनॉल असते, साधारण पाचवा हिस्सा तेल असते आणि उरलेले नायट्रोमिथेन. हेलिकॉप्टरसाठी १५ ते ३० टक्के नायट्रो वापरतात आणि नवशिक्याला १५ पुरते. पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आसपास, तर नायट्रोमिथेनला दोन भागही लागत नाहीत, कारण ते आपला प्राणवायू बरोबर घेऊनच येते. म्हणून तेवढ्याच सिलिंडरात जास्त इंधन जाळता येते आणि ५ सीसीचे इंजिन ३ किलोचा डोलारा उचलून धरते. तेल मात्र जळण्यासाठी नसते, बेअरिंग आणि पिस्टन वाचवण्यासाठी असते. त्यात कृत्रिम तेलाबरोबर बहुधा थोडे एरंडेल असते. लहानपणी ज्यांना पोट साफ करण्यासाठी एरंडेल पाजले गेले, त्यांना हा धूर नाकात गेल्यावर पळून जावेसे वाटते. मला मात्र आता तो रविवारचा वास वाटतो.

मिथेनॉल विषारी आहे आणि ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावी लागू नये. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती याच मिथेनॉलमुळे. त्यामुळे रसायनांचा विक्रेता चार प्रश्न विचारतो आणि कागद मागतो तेव्हा चिडू नये. ते कातडीतूनही शरीरात जाते, त्यामुळे भरताना हातमोजे घालावेत, कॅन मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा आणि त्यावर ठळक अक्षरांत विष असे लिहावे. भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या इंजिनाला ठिणगी देणारा प्लग नसतो. त्याच्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचे बारीक वेटोळे असते; सुरू करताना त्याला दीड व्होल्टच्या आसपासच्या सेलने तापवावे लागते, आणि एकदा इंजिन चालू झाले की दाबाची उष्णता आणि मिथेनॉलची प्लॅटिनमवर होणारी क्रिया मिळून ते वेटोळे आपोआप लाल राहते. मग सेल काढून घ्यायचा. सुरू करण्यासाठी लांब दांड्याचा विजेचा स्टार्टर वरून लावतात. त्या वेळी एका हाताने पात्यांचे डोके घट्ट धरायचे आणि थ्रॉटल पूर्ण खाली आहे ना, हे दोनदा पाहायचे. थ्रॉटल वर राहिला तर क्लच पकडतो आणि हातातले डोके फिरू पाहते. स्टार्टर अडकल्यासारखा वाटला तर जोर करू नये. सिलिंडरात इंधन साचलेले असते आणि ते दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढावा, हेलिकॉप्टर उलटे करून इंधन बाहेर काढावे आणि पुन्हा सुरुवात करावी. माझा पहिला महिना बहुतेक याच कामात गेला.

त्यानंतर नीडलची पाळी येते. कार्ब्युरेटरची मुख्य नीडल, म्हणजे इंधन किती जावे ते ठरवणारा स्क्रू, किती उघडायची यावर सारे अवलंबून आहे. जास्त उघडी असेल तर मिश्रण रिच होते, धूर खूप येतो, इंजिन घोगरे वाजते आणि पाती वेग धरत नाहीत. कमी उघडी असेल तर लीन होते. आवाज चढतो, धूर विरळ होतो आणि क्षणभर इंजिन अगदी उत्तम चालल्यासारखे वाटते. नवशिक्या नेमका त्याच क्षणाला भुलतो, कारण लीन इंजिन मरण्यापूर्वी सुरेख गाते. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही टाक्या मुद्दाम रिचवर जाळाव्यात. पुढे दर उड्डाणानंतर इंजिन बंद करून, पाती थांबल्यावर, मागच्या झाकणाला बोट लावून पाहावे: चार-पाच सेकंद टेकवता आले तर ठीक, लगेच मागे घ्यावे लागले तर नीडल दोन खटके उघडावी. हवामानही लक्षात घ्यावे लागते. मे महिन्याच्या दुपारी बरोबर लागलेली नीडल डिसेंबरच्या पहाटे लीन ठरते, कारण थंड हवा दाट असते आणि सिलिंडरात जास्त जाते.

यंत्राच्या जुळणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती पुस्तिकेत असते. रिमोटची काठी मध्यावर असताना पात्यांचा कोन सुमारे ५ अंश असावा आणि त्याच ठिकाणी हेलिकॉप्टर हवेत तरंगावे. पात्यांच्या टोकांना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावून दोन्ही एकाच पातळीत फिरतात का ते लांबून पाहावे. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो: इंजिनाच्या शाफ्टवर बसणारा थंडाव्याचा पंखा. तो ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडा फिरला तर सबंध यंत्र थरथरते, इंधनाला फेस येतो आणि कारण सापडत नाही. उद्यमनगरातल्या एका मित्राच्या लेथशेजारी आम्ही डायल लावून माझा पंखा तपासला तेव्हा काटा ०.१ दाखवत होता. मी आठवडाभर ज्याला नीडलचा दोष समजत होतो, तो असा निघाला.

माझ्या यंत्रावर फ्लायबार आहे, म्हणजे पात्यांना काटकोनात असलेली, टोकांना छोटे वल्हे लावलेली दांडी. जर्मनीच्या डिटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास मॉडेल हेलिकॉप्टर प्रथम खऱ्या अर्थाने ताब्यात आणले, तेव्हापासून काही दशके याच दांडीने आमची यंत्रे सावरून धरली. आता तिचे काम यंत्राचा कल ओळखून ते सावरणारे इलेक्ट्रॉनिक जायरो करतात. नव्याने घेणाऱ्याने जायरोवालेच घ्यावे. जुन्याचा फायदा एवढाच की काय वाकले ते डोळ्यांना दिसते.

उडवण्याआधी दोन महिने संगणकावर सिम्युलेटरवर हात बसवावा. प्रत्यक्षात सुरुवातीला हेलिकॉप्टरच्या पायांखाली आडव्या-उभ्या दोन काठ्या बांधाव्यात. मी बांबूच्या काठ्यांच्या टोकांना पोरांचे प्लॅस्टिकचे चेंडू लावले होते. शेपटी आपल्याकडे ठेवून गुडघ्याइतक्या उंचीवर एका जागी थांबवणे, एवढेच पहिले अनेक रविवार करायचे. तरंगतानाही पाती मिनिटाला सुमारे १६०० फेरे घेतात, आणि सव्वा मीटरच्या व्यासाला त्यांच्या टोकाचा वेग ताशी ३७५ किलोमीटरच्या घरात जातो. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरची पाती लागून १९ वर्षांचा तरुण जागीच गेला. म्हणून दहा पावलांच्या आत कुणालाही येऊ देऊ नये, स्वतःलाही नाही. कायद्याच्या भाषेत आपले हेलिकॉप्टर हेही ड्रोनच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलची वेगळी व्याख्या आहे. जागा ठरवताना सरकारी नकाशावर ती हिरव्या भागात येते का ते पाहावे आणि तिथेही ४०० फुटांच्या खालीच राहावे. आम्ही उजळाईवाडीच्या विमानतळापासून लांब, ऊस तुटून गेलेल्या एका रानात जातो.

शेजारचा ऊस मात्र तुटलेला नव्हता. तिसऱ्या महिन्यात मला आत्मविश्वास आला आणि मी हेलिकॉप्टर थोडे पुढे सोडले. वाऱ्याने त्याचे तोंड माझ्याकडे फिरले, डावे-उजवे उलटे झाले आणि घाबरून मी काठी वर ढकलली. वास्तविक त्या क्षणी इंजिन खाली आणणारा होल्डचा खटका ओढायचा असतो. माझे बोट तिकडे गेलेच नाही. दहा फूट उंचीच्या उसात ते दिसेनासे झाले, आवाजही थांबला. तासभर मी सरीसरीने शोधत होतो, पाल्याने दोन्ही हात कापले होते, आणि तेवढ्यात बांधावरून रानमालक मामांची हाक आली.

“पाव्हणं, हिकडं या. हितं एरंडेलाचा वास मारतोय.”

ते बरोबर होते. शेपटीचा दांडा तुटला होता, स्पिंडल आणि फ्लायबार वाकले होते, पाती गेली होती. इंजिन मात्र शाबूत होते. मोडलेल्या उसाचे पैसे मी देऊ केले तर त्यांनी ते घेतले नाहीत, आणि गड्याला हाक मारून त्या कांड्या बैलांपुढे टाकायला सांगितल्या.

दुरुस्तीला पाच आठवडे लागले. आता दिवस संपताना मी इंधनाची नळी दाबून इंजिन कोरडे होईपर्यंत चालवतो, प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडतो आणि हाताने फिरवतो, कारण मिथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि आठवड्यात बेअरिंगला गंज चढतो. मामा बहुतेक रविवारी बांधावर येऊन बसतात. त्यांच्या विहिरीवर पूर्वी ऑईल इंजिन होते. गेल्या खेपेस मी हेलिकॉप्टर उचलून तरंगत ठेवले, सगळे छान वाटत होते, आणि मामा तिथूनच म्हणाले, “आज कोरडं वाजतंय की वो.” मी उतरवले, बंद केले, झाकणाला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. मग नीडल दोन खटके उघडली.